फ्लॅश मारला की मागचा मंडप काळा का पडतो, आणि शटर स्पीडने तो परत कसा आणायचा

संध्याकाळचं लग्न, कार्यालयात भरपूर उजेड, स्टेजवर झेंडूच्या माळा, मागे लायटिंगच्या सिरीज. डोळ्यांना सगळं झगमगतं दिसतं आणि फोटोत मात्र नवरा-नवरी पांढरेफटक, त्यांच्या मागे काळाकुट्ट अंधार. नवा फ्लॅश घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाची हीच तक्रार असते. फ्लॅशची ताकद कमी करून बघितली, डिफ्यूझर लावला, दुसरा फ्लॅश उसना आणला, तरी मागचं काळं ते काळंच. चेहरा थोडा सुधारतो इतकंच.

याचं कारण फ्लॅशमध्ये नाही. मागचा भाग किती दिसणार हे कॅमेऱ्याच्या सेटिंगवर ठरतं आणि त्यातही मुख्यतः शटर स्पीडवर, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्यावर. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण लग्नाच्या फोटोत दोन चेहऱ्यांपलीकडेही पुष्कळ काही असतं. कडेला उभे असलेले मामा, करवल्या, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली आजी, रात्रभर जागून कोणी केलेली फुलांची आरास. मागचा उजेड गेला की ही सगळी माणसं आणि ती जागा फोटोतून जाते.

आधी ही चाचणी करा

फ्लॅश बंद करा. बाकी एकाही सेटिंगला हात न लावता तोच फोटो, त्याच जागेवरून पुन्हा काढा आणि नीट बघा.

तो फोटो पूर्ण काळा आला, तर तुमच्या सेटिंगवर कार्यालयाचा उजेड कॅमेऱ्यात शिरतच नाहीये. चेहऱ्यावर जे दिसत होतं ते सगळं फ्लॅशचं होतं. फोटो थोडा अंधारा आला, पण माणसं, फुलं, पडदे ओळखू येताहेत, तर सेटिंग बरोबर आहे. आणि फ्लॅशशिवायही फोटो लख्ख उजळ आला, तर उलटी भानगड आहे: आधीच पुरेसा उजेड घेतलाय आणि त्यावर फ्लॅशची भर पडतेय, त्यामुळे चेहरे उडतील (पांढरे पडतील) किंवा हललेले दिसतील. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका फोटोतून कळतं, म्हणून जागा बदलली की तो आधी काढून घ्यायची सवय लावा.

असं का होतं

फ्लॅश वापरून काढलेल्या फोटोत दोन उजेड वेगवेगळ्या पद्धतीने साठतात. अंगणात पावसात बादली ठेवली तर झिमझिम पावसाचं पाणी तिच्यात वेळेनुसार साठत जातं. मध्येच कोणी एक तांब्या ओतला तर बादली पाच मिनिटं ठेवलेली असो की तासभर, तांब्यातलं पाणी तेवढंच. कार्यालयातला उजेड म्हणजे तो पाऊस, फ्लॅश म्हणजे तांब्या. स्पीडलाइटचा, म्हणजे कॅमेऱ्यावर लावायच्या फ्लॅशचा, झोत साधारणपणे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. पूर्ण ताकदीवर जरा जास्त वेळ, कमी ताकदीवर त्याहून कितीतरी कमी. शटर १/२०० सेकंद उघडं ठेवा नाहीतर १/२०, फ्लॅशचा उजेड दोन्ही वेळा सारखाच आत येतो. मागच्या सिरीजचा, हॅलोजनचा, आकाशाचा उजेड मात्र १/२० ला दहापट येतो.

म्हणजे फ्लॅशने उजळलेला चेहरा ठरतो फ्लॅशच्या ताकदीवर, अंतरावर, ॲपर्चरवर (लेन्सचं भोक; एफ/चा आकडा लहान तितकं ते मोठं) आणि आयएसओवर (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते). मागचा भाग ठरतो शटर, ॲपर्चर आणि आयएसओवर. ॲपर्चर आणि आयएसओ दोघांनाही हलवतात. फक्त मागच्याला हलवणारी एकच गोष्ट उरते, ती शटर स्पीड.

आकड्यांत पाहू. बऱ्यापैकी उजेड असलेल्या कार्यालयात फ्लॅशशिवाय नीट फोटो यायला साधारण आयएसओ ८००, एफ/४, १/६० इतकं लागतं. आता बरेच जण फ्लॅश लावला की आयएसओ १००, एफ/८, १/२०० वर जातात. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. आयएसओमध्ये तीन स्टॉप गेले, ॲपर्चरमध्ये दोन, शटरमध्ये पावणेदोन. एकूण पावणेसात स्टॉप, म्हणजे कार्यालयाचा उजेड शंभराव्या हिश्शाहून कमी उरला. मंडप काळा पडणारच. भरीला फ्लॅशचा स्वतःचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. दोन मीटरवरच्या नवरीवर जेवढा पडतो त्याच्या चौथा हिस्सा चार मीटरवरच्या माणसावर पडतो आणि आठ मीटरवरच्या आराशीवर सोळावा. आरास उजळवायला फ्लॅशची ताकद वाढवत बसलात तर पुढची नवरी पांढरी होईल. एवढ्या अंतराचा फरक फ्लॅश कधीच भरून काढू शकत नाही, शटर काढू शकतं.

कार्यालयात सेटिंग कसं लावायचं

सुरुवात मागच्या भागापासून करा, फ्लॅश नंतर. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर, आयएसओ ८००, एफ/४. फ्लॅश बंद. कॅमेरा स्टेजच्या फुलांवर किंवा पडद्यावर रोखा आणि मीटर, म्हणजे उजेड कमी की जास्त ते दाखवणारी पट्टी, बघा. पेटलेले बल्ब फ्रेमच्या मधोमध आले तर मीटर फसतो आणि उजेड खूप आहे असं सांगतो, म्हणून बल्ब टाळून माप घ्या. मग शटर असं फिरवा की मीटरची खूण शून्याच्या एक स्टॉप खाली येईल. चांगल्या कार्यालयात हे १/१२५ च्या आसपास येतं, जुन्या, पिवळट दिव्यांच्या हॉलमध्ये १/६०. एक फोटो काढा. तो किंचित अंधारा, पण सगळं ओळखू येणारा हवा.

आता फ्लॅश चालू करा, टीटीएलवर, म्हणजे त्याची ताकद कॅमेराच उजेड मोजून ठरवेल. छत पांढरं आणि आवाक्यातलं असेल तर फ्लॅशचं तोंड वर करून झोत छतावरून परतवा, म्हणजे बाउन्स करा. मंडपाच्या लाल-पिवळ्या कापडावर मात्र बाउन्स करू नका, त्या कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो आणि नंतर तो काढणं फार जिकिरीचं असतं. चेहरा जास्त उजळ आला तर शटरला हात न लावता फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन (टीटीएलची ताकद कमी-जास्त करायचं सेटिंग) कमी करा. मागचं कमी वाटलं तर फ्लॅशला हात न लावता शटर कमी करा, १/१२५ वरून १/८०, मग १/६०. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन्ही एकदम हलवल्या की काय केल्याने काय बदललं ते समजत नाही, आणि मंगलाष्टकं चालू असताना विचार करायला सवडही नसते.

कॅमेरा एम वर म्हणजे फ्लॅशही मॅन्युअल, असा एक गैरसमज पक्का बसलेला दिसतो. तसं नाही. कॅमेऱ्याचा मोड आणि फ्लॅशचा मोड वेगळे आहेत. कॅमेरा एम वर आणि फ्लॅश टीटीएलवर ही जोडी लग्नासाठी सगळ्यात सोयीची, कारण मागचा उजेड तुम्ही पक्का केलेला असतो आणि पुढे-मागे सरकणाऱ्या माणसांसाठी फ्लॅश स्वतःला जुळवून घेतो. टीटीएलवर आणखी एक फायदा मिळतो. आयएसओ ८०० वरून १६०० केला तर फ्लॅश आपली ताकद आपणहून निम्मी करतो, चेहरा तसाच राहतो आणि मागचा भाग एक स्टॉप वर येतो. शटर आणखी खाली नेलं तर माणसं हलतील अशी स्थिती आली की हाच मार्ग. हल्लीच्या कॅमेऱ्यांत १६००, ३२०० ला घाबरायचं कारण नाही. थोडा ग्रेन (दाणेदारपणा) चालतो. हरवलेली जागा मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही.

जास्त आयएसओमुळे फ्लॅशवरचा ताणही कमी होतो. १०० वरून ८०० केला की तेवढ्याच उजेडासाठी आठवा हिस्सा ताकद पुरते. फ्लॅश लवकर चार्ज होतो, बॅटरी जेवणाच्या पंगतीपर्यंत टिकते, आणि वरातीत ऐन वेळी फ्लॅश न उडण्याची वेळ येत नाही.

कॅमेरा स्वतःच शटर ठरवतो तेव्हा

एम वर न जाता ए किंवा एव्ही (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) किंवा पी (दोन्ही कॅमेरा ठरवतो) वर काढणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो: आज मागचं छान येतं, उद्या काळं. कारण प्रत्येक कंपनीचं वागणं वेगळं आहे. निकॉनमध्ये पी आणि ए मोडवर फ्लॅश लावला की कॅमेरा मूळ सेटिंगनुसार १/६० च्या खाली उतरत नाही. अंधाऱ्या हॉलमध्ये त्यामुळे मागचं काळं पडतं. बऱ्याच मॉडेल्सच्या कस्टम मेनूत ‘फ्लॅश शटर स्पीड’ नावाचं सेटिंग असतं, तिथे ही मर्यादा खाली आणता येते, किंवा फ्लॅश मोड ‘स्लो’ वर टाकता येतो. कॅननचं एव्ही उलट वागतं. ते मागच्या उजेडाचा विचार करून शटर आपोआप १/८, अगदी अर्ध्या सेकंदापर्यंत खाली नेतं आणि सगळे फोटो हलतात. त्यासाठी मेनूत एव्ही मोडमधल्या फ्लॅश सिंक स्पीडचा पर्याय आहे, तिथे १/२०० ते १/६० हा पल्ला निवडता येतो. म्हणून मित्राच्या निकॉनवर बघितलेली युक्ती आपल्या कॅननवर चालेलच असं धरून चालू नका.

मिररलेसवाल्यांनी (आत आरसा नसलेला, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचा कॅमेरा असणाऱ्यांनी) एवढं ध्यानात ठेवावं की फ्लॅश लावल्यावर बरेच कॅमेरे व्ह्यूफाइंडर आपोआप उजळ करून दाखवतात, म्हणजे अंधारात फ्रेम तरी दिसावी. त्यात मागचा मंडप मस्त दिसतो आणि फोटोत काळा येतो. अशा वेळी फाइंडरवर न जाता मीटरची खूण आणि काढलेला फोटो यांच्यावरच विश्वास ठेवा.

गोरज मुहूर्ताचं लग्न

मोकळ्या लॉन्सवरच्या गोरज मुहूर्ताला हा प्रश्न सगळ्यात अवघड होतो आणि जमला तर फोटोही तिथेच सगळ्यात सुंदर येतात. सूर्य मावळताना उघड्यावर सुमारे चारशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. आपल्याकडे त्यानंतर बावीस-चोवीस मिनिटांत तो तीन-साडेतीन लक्सवर येतो. म्हणजे जवळजवळ सात स्टॉप, दर तीन मिनिटांना एक. डोळे या बदलाशी इतक्या सहज जुळवून घेतात की आपल्याला फरक कळतच नाही. अंतरपाट धरला तेव्हा लावलेलं सेटिंग मंगलाष्टकं संपेपर्यंत दोन-तीन स्टॉप चुकलेलं असतं. मग फोटो ओळीने पाहिले की आकाश निळं, गडद निळं, काळं होत जाताना दिसतं आणि नवरा-नवरी मात्र सगळीकडे सारखीच. फ्लॅशने आपलं काम चोख केलेलं असतं, शटर बदलायचं राहिलेलं असतं.

इथे फ्लॅश आणि ॲपर्चर एकदा ठरवून सोडून द्यायचं आणि हात फक्त शटरच्या चाकावर ठेवायचा. निरभ्र पश्चिमेला सूर्य टेकतोय तेव्हा आयएसओ १००, एफ/५.६, १/२०० पासून सुरुवात करून पाहा. ढग असतील तर कमी-जास्त होईल. दर दोन-तीन मिनिटांनी आकाशाकडे मीटर बघायचा आणि शटर एक घर खाली आणायचं: १/२००, १/१००, १/५०. त्याच्याखाली शटर न नेता आयएसओ वाढवायचा, २००, ४००, ८००. टीटीएलवर असाल तर फ्लॅश स्वतः सांभाळून घेईल. मॅन्युअलवर असाल तर आयएसओ दुप्पट केला की फ्लॅशची ताकद निम्मी करायची, नाहीतर एका घरात चेहरे उडतील.

यात एक थोडा काळ असा येतो की उतरणारं आकाश आणि लॉन्सवरच्या सिरीजचे दिवे यांचा उजेड बरोबरीला येतो. सिरीजचा उजेड तोच असतो, आकाशच खाली उतरत त्याच्यापाशी पोचतं. पाचेक मिनिटं हे टिकतं. त्या वेळी निळं आकाश, पिवळे दिवे आणि फ्लॅशने उजळलेले चेहरे तिन्ही एका फ्रेममध्ये बसतात. जोडप्याचा मोठ्या फ्रेमचा फोटो हवा असेल तर तो याच वेळी मिळतो. गुरुजींना आणि घरच्यांना आधी सांगून ठेवलं तर हार घातल्यावर दोन मिनिटं जोडप्याला लॉन्सच्या मोकळ्या बाजूला उभं करता येतं. मी तरी या पाच मिनिटांसाठी बाकीचे ग्रुप फोटो पुढे ढकलीन.

अक्षतांच्या रेघा आणि दुहेरी चेहरे

मागचा उजेड आणायला शटर खाली आणलं की दुसरी तक्रार सुरू होते: चेहऱ्याभोवती धूसर सावली, हाताला दुसरा हात, फेट्याच्या तुऱ्याला शेपूट. फ्लॅशने एक स्पष्ट प्रतिमा उमटवली आणि उरलेल्या वेळात जागेवरच्या उजेडाने हलणाऱ्या माणसाची दुसरी, पुसट प्रतिमा तिच्यावर उमटवली.

अक्षतांवर हे फार नीट बघता येतं. ‘शुभमंगल सावधान’ झालं की चारी बाजूंनी अक्षता पडतात. अर्धा मीटर खाली आलेला तांदळाचा दाणा सेकंदाला साधारण तीन मीटर वेगाने पडत असतो. १/३० ला तो शटर उघडं असताना दहा सेंटिमीटर सरकतो, १/२०० ला दीड सेंटिमीटर. म्हणून १/३० च्या फोटोत कुंकवाचा प्रत्येक लाल दाणा फ्लॅशमुळे टिपल्यासारखा स्पष्ट दिसतो आणि त्याला बोटभर लांब लालसर रेघ लागलेली असते. मागे काळोख असेल तर रेघ ठळक दिसते, मागे उजळ पडदा असेल तर विरून जाते.

रेघ कुठे लागते तेही बघा. कॅमेऱ्याचं मूळ सेटिंग फ्रंट कर्टनचं असतं, म्हणजे शटर उघडताक्षणी फ्लॅश उडतो. दाणा वर गोठतो आणि रेघ त्याच्या खाली येते, त्यामुळे अक्षता खालून वर उडताहेत असं वाटतं. रिअर कर्टन लावलं की फ्लॅश शटर मिटण्याच्या आधी उडतो. रेघ वर आणि दाणा खाली, म्हणजे खरोखर पडत असलेल्या अक्षता. वरातीत नाचणाऱ्यांचे फोटोही रिअर कर्टनवरच बरे दिसतात. पण टीटीएलचा आधीचा मोजणीचा झोत शटर उघडण्यापूर्वीच उडून जातो, मुख्य झोत शेवटी येतो. १/१० वगैरे शटर असेल तर मधल्या वेळात माणसं फोटो झाला असं समजून मान वळवतात. उभं राहून काढायच्या फोटोंना रिअर कर्टन नको.

रेघा नकोच असतील तर दोनच मार्ग. शटर वाढवा, किंवा माणसांवरचा जागेचा उजेड मागच्यापेक्षा कमी राहील अशी जागा निवडा. माणूस हॅलोजनखाली उभा असेल तर १/६० लाही दुहेरी दिसेल. तोच दोन पावलं सावलीत सरकला तर १/३० लाही स्वच्छ येईल, कारण त्याच्यावर पडणारा जवळजवळ सगळा उजेड फ्लॅशचाच आहे. माणसावरचा जागेचा उजेड फ्लॅशपेक्षा दोन-अडीच स्टॉप खाली असला की दुहेरीपणा सहसा जाणवत नाही. लग्नविधींसाठी मी १/५० च्या खाली जाऊ नका म्हणेन. होमापाशी बसलेली माणसं स्थिर वाटतात, पण आहुती देणारा हात हलत असतो.

फोटोचा खालचा पट्टा काळा

आडव्या फोटोच्या खालच्या बाजूला सरळ काळी पट्टी येत असेल तर तुम्ही सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरच्या, पुढे गेला आहात. शटरला दोन पडदे असतात. ठरावीक वेगाच्या पुढे पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आतच दुसरा मिटायला लागतो, सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा नसतोच, आणि फ्लॅशचा क्षणाचा झोत झाकलेल्या भागावर पोचत नाही. सेन्सरवर चित्र उलटं पडतं म्हणून पट्टी फोटोत खाली दिसते. कॅननच्या १५००डी वर ही मर्यादा १/२०० आहे, ६डी वर १/१८०, निकॉन डी५६०० वर १/२००, डी७५०० आणि सोनी ए७ मार्क ३ वर १/२५०. पूर्वीच्या बऱ्याच फिल्म कॅमेऱ्यांत ती १/६० होती. १९८२ साली निकॉनच्या एफएम२ ने १/२०० गाठली तेव्हा ती मोठी गोष्ट होती.

फ्लॅश कॅमेऱ्यावर असताना सहसा ही चूक होत नाही, कॅमेरा पुढे जाऊच देत नाही. साधा रेडिओ ट्रिगर (दूर ठेवलेला फ्लॅश उडवणारं यंत्र) लावला की कॅमेऱ्याला फ्लॅशचा पत्ता नसतो आणि तो तुम्हाला १/१००० लाही अडवत नाही. शिवाय स्वस्त ट्रिगर किंचित उशीर करतात, त्यामुळे १/२०० लाच बारीक पट्टी येते. तिथे १/१६० किंवा १/१२५ वर या.

मागचं सगळं पिवळं, किंवा चेहरे जांभळे

शटर खाली आणलं की मागचा उजेड स्वतःचा रंग घेऊन येतो. फ्लॅश ५५०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका पिवळा) आसपास, जुने हॅलोजन ३२०० च्या आसपास. चेहरा बरोबर केला की मागचं हळदीसारखं पिवळं. फ्लॅशच्या तोंडावर नारंगी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक पापुद्रा) लावा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंग जुळवायचं सेटिंग) त्याप्रमाणे खाली आणा: पूर्ण सीटीओला ३२००, अर्ध्याला ३८०० च्या जवळपास. मला अर्धा जेल जास्त आवडतो. दिव्यांची ऊब थोडी राहते, नवरीच्या शालूचा रंग मात्र बिघडत नाही.

डीजेचे जांभळे-निळे पार लाइट थेट चेहऱ्यावर येत असतील तर जेलचा काही उपयोग नाही. तिथे उलट दिशेने जा. शटर १/२०० करा, रंगीत उजेड १/६० च्या मानाने पावणेदोन स्टॉपने मागे पडेल आणि चेहऱ्यावर फ्लॅशचा स्वच्छ उजेड राहील. मागची एलईडी वॉल एवढी तेजस्वी असते की ती १/२०० लाही बहुतेक वेळा टिकते.

मागे आडवे पट्टे

चेहरा स्वच्छ पण मागच्या पडद्यावर गडद-फिके आडवे पट्टे, आणि सलग काढलेल्या फोटोंत ते जागा बदलतात. हे स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइटचं लुकलुकणं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तनं येतात आणि पट्टे जवळजवळ नाहीसे होतात. १/१२५, १/१६०, १/२०० ला ते हमखास दिसतात. कार्यालयात मी १/१०० ला पहिली पसंती देण्याचं हे एक मोठं कारण आहे. अमेरिका-कॅनडात मंडळाच्या गणपतीचे किंवा लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी १/६० किंवा १/१२५ ठेवावं, तिथली वीज ६० हर्ट्झची. एलईडी वॉलची लुकलुक मात्र विजेशी बांधलेली नसते. तिथे १/५० पासून सुरू करून पट्टे जाईपर्यंत एकेक घर बदलून बघणं हाच उपाय.

भर उन्हात

दुपारी बारा-साडेबाराच्या मुहूर्ताला बाहेर फोटो काढायचे तर प्रश्न उलटा होतो: मागचं आकाश पांढरं आणि चेहरे काळे. कडक उन्हात आयएसओ १००, १/२०० ला साधारण एफ/११ लागतं. एवढ्या बंद ॲपर्चरला फ्लॅशला पूर्ण ताकद लावावी लागते आणि मागची गर्दी स्पष्ट दिसून फोटो गिचमिड होतो. एफ/२.८ हवं असेल तर चार स्टॉप कुठेतरी कमी केले पाहिजेत. एक तर शटर १/३२०० करून एचएसएस (हाय-स्पीड सिंक) लावा. त्यात फ्लॅश एका झोताऐवजी भराभर लुकलुकत राहतो, म्हणून पट्टी येत नाही. पण त्याची ताकद दोन स्टॉपने किंवा त्याहूनही घटते आणि शटर आणखी वाढवलं की फ्लॅशचा उजेडही कमी होत जातो. शटर फक्त मागच्यावर चालतं हा वर सांगितलेला नियम इथे लागू नाही. निकॉनच्या डी५६०० सारख्या कॅमेऱ्यांत एचएसएसची सोयच नाही, तेव्हा त्यासाठी महागडा फ्लॅश घेण्याआधी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक बघा.

दुसरा मार्ग म्हणजे चार स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच), शटर १/२०० वरच. तो फ्लॅशलाही तेवढाच अडवतो, त्यामुळे फ्लॅश माणसाच्या जवळ, दीड-दोन मीटरवर आणायला हवा. एचएसएसवर सलग फोटो काढत राहिलात तर फ्लॅश तापून स्वतःहून थांबतो, म्हणून उन्हात सलग काढायच्या फोटोंसाठी मी एनडीच वापरा म्हणेन. आणि मिररलेसवर फ्लॅश मुळीच उडत नसेल तर आधी सायलेंट शटर बंद करा. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश चालत नाही, आणि मंगलाष्टकांच्या वेळी आवाज नको म्हणून लावलेलं ते सेटिंग नंतर काढायचं राहून गेलेलं असतं.